आजीचा चौथा हिस्सा

बाबांचं घर विकायचं ठरलं तेव्हा या घराचा मालक कोण, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच पडला नव्हता. घरपट्टी आईच्या नावाने येत होती, लाइटबिल आईच्या नावाने येत होतं आणि २०१९ मध्ये बाबा गेल्यापासून आई तिथे एकटीच राहत होती. घर आईचं, यात विचारण्यासारखं काय आहे?

नाशिकरोडला जेलरोडवरचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, बिल्डिंगला लिफ्ट नाही. आईचे गुडघे दोन वर्षांपासून दुखत होते. मागच्या उन्हाळ्यात ती अकरा दिवस खाली उतरलीच नाही, हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. मी इंदिरानगरला, दादा म्युनिकला. आईने माझ्याकडे राहायला यायचं आणि फ्लॅट विकायचा, असं जानेवारी २०२५ मध्ये ठरलं.

बाबा इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये होते. नाशिकरोडच्या घराघरांत प्रेसवाले आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते की टपालाची तिकिटं, पासपोर्ट आणि स्टॅम्प पेपर छापणारा हा १९२५ पासूनचा सरकारी कारखाना. १९९७ मध्ये फ्लॅट घेतला तेव्हा करारनाम्याची पहिली पानं म्हणजे स्टॅम्प पेपरच होते. बाबा तो कागद खिडकीच्या उजेडात धरून आम्हाला आतलं जलचिन्ह दाखवायचे. ‘हे दिसलं की कागद खरा,’ असं म्हणायचे.

ओळखीतल्या एका एजंटने गिऱ्हाईक आणलं. तो अंबडला कंपनीत, ती शाळेत शिक्षिका, पहिलंच घर. भाव छत्तीस लाखांवर ठरला. विसाराचे एक्कावन्न हजार बँकेमार्फत घेऊन विसार पावती केली आणि साठ दिवसांत खरेदीखत करून द्यायचं लिहून दिलं. थोडी रक्कम रोख घेऊन खरेदीखतात भाव कमी दाखवू, असं एजंटने सुचवलं होतं. आईने तिथल्या तिथे नाही म्हटलं. ते बरंच झालं, कारण स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, हे आम्हाला पुढे कळलं.

त्याच बैठकीत एजंट म्हणाले, ‘ताई, तुमचं हक्कसोडपत्र आधी उरकून टाकू. म्हणजे खरेदीखतावर आई आणि दादा, दोनच सह्या.’ माझ्यासमोर, मी केलेला चहा पीत. त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, ते रोज असंच करत असणार. मी काही बोलले नाही, पण रात्री झोप लागली नाही. पैशाचा विचारही मनात नव्हता. बाबांचं डायलिसिस चालू होतं तेव्हा आठवड्यातून दोनदा त्यांना घेऊन जाणारी मी. आणि कागद सुटसुटीत करायचा म्हटल्यावर वगळायचं पहिलं नाव माझं. दादाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, ‘तू का सोडायचास? तुझं नाव माझ्याआधी लिही.’

इथे एक गैरसमज सांगायलाच हवा, कारण तो मला रिक्षावाल्यापासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांकडून ऐकावा लागला : ‘२००५ नंतर मुलींना हक्क मिळाला ना, म्हणून.’ २००५ची दुरुस्ती एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेबद्दल आहे. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घर घेतलं असेल आणि मृत्युपत्र न करता ते गेले असतील, तर हिंदू वारसा कायद्याने मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ पासून आहे. नॉमिनीचंही तसंच. आमच्या अपार्टमेंटच्या रजिस्टरमध्ये बाबांनी दादाचं नाव नॉमिनी म्हणून दिलेलं होतं आणि दादा मालक झाला असं आई समजत होती. नॉमिनीशी संस्था व्यवहार करते, पण मालकी वारसांचीच राहते. आणि घरपट्टीवर नाव लागलं म्हणून मालकी येत नाही. महापालिका कर कुणाकडून घ्यायचा एवढंच त्यावरून ठरतं.

म्हणजे वारस तीन, आई, दादा आणि मी. असं आम्ही धरून चाललो आणि तिथेच चुकलो.

खरेदीदारांच्या बँकेच्या वकिलांनी मिळकतीच्या तीस वर्षांच्या नोंदींचा शोध घेतला आणि स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस दिली. मिळकतीचं वर्णन, आमची तिघांची नावं, कुणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवा. सकाळी नोटीस आली आणि दुपारी काकांचा फोन. निफाड तालुक्यातल्या आमच्या गावी कुणीतरी त्यांना नोटिशीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला होता. ‘वहिनी, घर विकताय हे आम्ही पेपरात वाचायचं?’ एवढंच म्हणाले आणि आईला बोलूच दिलं नाही. आई फोन हातात धरून कितीतरी वेळ बसून राहिली. त्यांना सांगायला हवं होतं. आमची चूक होती, आणि कायद्यात कुठे लिहिलेलं नसलं तरी ती चूकच होती.

त्यानंतर चौथ्या दिवशी बँकेच्या वकिलांनी मला एक साधा प्रश्न विचारला : ‘तुमचे वडील वारले तेव्हा त्यांची आई हयात होती का?’

होती. आजी २०२१ मध्ये गेली.

मी तेव्हा पहिल्यांदा आमच्या बाजूचा वकील शोधला. कॉलेज रोडवर बसणाऱ्या एक वकीलबाई मैत्रिणीने सुचवल्या. विसार घेण्याआधीच त्यांच्याकडे जायला हवं होतं, हे त्यांनी न बोलताही माझ्या लक्षात आलं. त्यांनी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने आमचं घर मांडलं. मृत्युपत्र न करता हिंदू पुरुष गेला की बायको, मुलगा, मुलगी यांच्याबरोबर त्याची आईसुद्धा पहिल्या वर्गातली वारस असते. म्हणजे बाबा गेले त्या दिवशी घराचे चार भाग झाले आणि एक चतुर्थांश आजीचा झाला. तिला कुणी सांगितलं नाही, तिने मागितला नाही, पण झाला. दोन वर्षांनी आजी गेली तेव्हा तो तिच्या मुलाबाळांकडे गेला : काका, आत्या आणि बाबांच्या जागी मी आणि दादा. आईला त्यातलं काही नाही. वकीलबाईंनी पेन्सिलीने आकडे लिहिले. काकांचा बारावा हिस्सा, आत्याचा बारावा हिस्सा. छत्तीस लाखांत प्रत्येकी तीन लाख. आईचे नऊ, माझे आणि दादाचे साडेदहा-साडेदहा.

मी ते पाकीट घडी करून पर्समध्ये ठेवलं. आजही माझ्याकडे आहे.

‘आता काका आणि आत्या दोघांकडून हक्कसोड घ्या, नाहीतर त्यांनाही लिहून देणार, म्हणजे विकणारे, म्हणून खरेदीखतात घ्या,’ वकीलबाई म्हणाल्या. ‘हक्कसोड नोंदवलेलंच लागतं. नोटरीकडे केलेलं किंवा साध्या कागदावरचं चालणार नाही.’ हे सांगतानाच त्यांनी दोघांच्या हक्कसोडपत्रांचा मसुदा छापून दिला. सगळ्यांच्या मते हा सरळ मार्ग होता. एजंट तर म्हणाले, ‘आत्याबाई काय, साडी-चोळी केली की सही करतील.’

काकांकडे मी आणि आई दोघी गेलो. काका आमच्याशी धड बोलत नव्हते. जेवणं झाली, मग आई म्हणाली, ‘भाऊजी, चुकलं आमचं.’ काकांनी बराच वेळ सुपारी कातरली. मग म्हणाले, ‘पैशाचं नव्हतंच गं. माझ्या दादाने, हिच्या बाबांनी, घेतलेलं पहिलं घर ते. मी वाळूच्या ट्रकवर बसून आलो होतो बांधकाम बघायला.’ आपला हिस्सा वहिनीच्या नावे सोडतो म्हणाले आणि सांगितलेल्या दिवशी येऊन तसं करूनही दिलं.

आत्या सिन्नरला असते. तिच्याकडे मी एकटीच गेले. आत्या सत्तरीला आली आहे, चौथी शिकलेली, सही नीट करते. मी मसुदा काढला तर म्हणाली, ‘सही करते. पण कशावर करते ते मला वाचून दाखव.’

मी वाचायला लागले. ‘सदर मिळकतीवरील माझा संपूर्ण अविभक्त हिस्सा, हक्क व हितसंबंध मी कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीने कायमचा सोडून दिला असून, यापुढे माझा अगर माझ्या वारसांचा…’ आणि मला पुढे वाचता येईना. एजंटने माझ्यासमोर चहा पीत जे म्हटलं होतं, तेच मी आत्यासमोर कागदावर घेऊन बसले होते. तिने विचारलं, ‘किती होतात माझे?’ म्हटलं, तीन लाख. ती गप्प झाली. मग सांगायला लागली. आजोबा गेले तेव्हा तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिला तलाठ्याकडे नेऊन सही घेतली होती. गावच्या जमिनीवरचं नाव कमी झालं. ‘तेव्हा कुणी वाचून दाखवलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं, भाऊच होते ना.’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘आईचं म्हणून मला काहीच आलेलं नाही कधी. हे असेल तर दे.’

मी मसुदा परत पिशवीत टाकला. सिन्नरहून परत येताना एसटीत मनाशी पक्कं केलं की आत्या खरेदीखतावर लिहून देणार म्हणून येणार आणि तिचे पैसे तिच्या खात्यात जाणार. दादाला विचारलं, त्याने दोन मिनिटांत हो म्हटलं. आईला मात्र वेळ लागला. काकांनी सोडलं, मग वन्संनी का नाही, असं तिला वाटत होतं. मी तिला एवढंच विचारलं की, मला हक्कसोड करायला सांगितलं तेव्हा तुला काय वाटलं होतं? ती उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी तिनेच आत्याला फोन करून आधार, पॅन आणि बँकेचं पासबुक घेऊन ये म्हणून सांगितलं. दोघी पाऊण तास बोलत होत्या.

कागदपत्रांत आजीनेच सगळ्यात जास्त फिरवलं. मृत्यू दाखल्यावर तिचं एक नाव, रेशनकार्डावर दुसरं. सासरी नाव बदललेलं, माहेरचं नावही कुठे कुठे चालू राहिलेलं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र काकांनी केलं, ग्रामपंचायतीतून वारसांची माहिती घेतली, आणि बँकेच्या वकिलांनी आमच्या वारसांच्या प्रतिज्ञापत्रासोबत ते चालवून घेतलं. वाद असता तर दिवाणी न्यायालयातून वारस प्रमाणपत्र आणावं लागलं असतं आणि त्याला महिने गेले असते.

हे सगळं चालू असताना दुसरा अडथळा समोर आला, आणि हा नाशिककरांनी नीट ऐकावा. आपल्याकडे पुष्कळ बिल्डिंगा सोसायट्या नाहीत, १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या आहेत. त्यात बिल्डर आधी घोषणापत्र नोंदवतो आणि मग प्रत्येक फ्लॅटधारकाच्या नावे डीड ऑफ अपार्टमेंट करून देतो. फ्लॅट आणि जमिनीतला अविभक्त हिस्सा खऱ्या अर्थाने नावावर होतो तो त्या डीडने. बाबांकडे नोंदवलेला करारनामा होता, ताबा पावती होती, डीड नव्हतं. आमच्या बिल्डिंगमधल्या सोळापैकी सात जणांकडे नाही, हे मी दारोदार विचारल्यावर कळलं. बिल्डरने त्या वेळी सगळ्यांना पत्रं दिली होती, डीडचा खर्च मागितला होता, आणि बाबांनी ‘करार रजिस्टर आहे, आणखी काय पाहिजे’ म्हणून ते राहू दिलं. करारनामा म्हणजे विकण्याचं वचन, आणि वचन नोंदवलेलं असलं तरी ते खरेदीखत होत नाही. इतकी वर्षं स्टॅम्प पेपर हाताळलेल्या माणसालाही कुणी हे समजावून सांगितलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटतं.

बिल्डरच्या भागीदारी फर्मचे एक भागीदार वारले होते, दुसरे गंगापूर रोडला राहत होते. मी तीनदा गेले. तिसऱ्यांदा त्यांनी जुनी फाइल काढली आणि डीड करून द्यायला तयार झाले. जमीन फर्मच्या नावावर होती म्हणून निभावलं. मूळ मालक वेगळा असता तर त्याच्या वारसांना शोधत फिरावं लागलं असतं. करारनाम्यावर तेव्हाच पूर्ण मुद्रांक शुल्क भरलेलं असल्यामुळे डीडला नाममात्र मुद्रांक लागला. पूर्वी अशा ठिकाणी शंभरचा चालायचा, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा. वकीलबाईंनी क्रम ठरवून दिला : आधी सगळ्या वारसांच्या नावे डीड, मग काकांचं हक्कसोड, मग खरेदीखत.

साठ दिवस केव्हाच उलटले होते. खरेदीदार जोडप्याने मुदत दोनदा वाढवून दिली. त्यांचं घरभाडं चालू होतं, तरी एकदाही आवाज चढवला नाही. मी त्यांना प्रत्येक कागदाची नक्कल देत गेले, काहीच लपवलं नाही, कदाचित त्यामुळेही असेल.

दादाच्या वतीने मला सही करता यावी म्हणून केलेलं त्याचं कुलमुखत्यारपत्र म्युनिकच्या भारतीय वकिलातीत साक्षांकित होऊन कुरिअरने आलं. परदेशात केलेला असा कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे मुद्रांकित करावा लागतो. तो मी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून करून घेतला. दादामुळे आणखी एक गोष्ट निघाली, जी एजंटला माहीत नव्हती. विकणारे सगळे इथेच राहणारे असतील तर पन्नास लाखांच्या आतल्या व्यवहारात खरेदीदाराला टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर, कापावा लागत नाही, पन्नास किंवा त्यापुढे एक टक्का. पण विकणारा अनिवासी असेल तर ही पन्नास लाखांची मर्यादा त्याच्या हिश्शाला लागूच होत नाही आणि दरही वेगळा. दादाच्या साडेदहा लाखांवर साडेबारा टक्के आणि वर सेस मिळून एक लाख छत्तीस हजार पाचशे रुपये कापून भरायचे होते. त्यासाठी खरेदीदाराला टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक, काढावा लागला. कापला नसता तर आयकर खात्याने खरेदीदाराला धरलं असतं, दादाला नाही. कर जास्त कापला गेला असेल तर दादाने विवरणपत्र भरून परत मागायचा. त्याचे पैसे एनआरओ, म्हणजे अनिवासींच्या इथल्या उत्पन्नासाठीच्या, खात्यातच जातात, तेही आधी उघडून ठेवावं लागलं.

मुद्रांकाचा हिशेब खरेदीदारांनी हुशारीने केला. एक एप्रिलला रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारने ठरवलेले जागांचे, दर वाढले होते, पण आमचा भाव रेकनरच्या वरच होता आणि शुल्क दोन्हींतल्या मोठ्या रकमेवर लागतं, त्यामुळे फरक पडला नाही. आपल्याकडे स्थानिक अधिभार धरून सहा टक्के होतात, म्हणजे दोन लाख सोळा हजार. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत आहे, म्हणून त्यांनी ते तिच्या एकटीच्या नावावर घेतलं आणि छत्तीस हजार वाचवले. नवऱ्याचं नाव जोडलं असतं तर सवलत गेली असती. कर्जात तो सहकर्जदार आहे, त्याला अडचण आली नाही. नोंदणी फी एक टक्का, पण तीस हजारांच्या वर जात नाही.

ऑगस्टमध्ये खरेदीखत नोंदवलं. दुय्यम निबंधक कार्यालयातल्या बाकावर आई आणि आत्या शेजारी शेजारी बसल्या होत्या. आत्याने तिच्या वाट्याची पानं आदल्या रात्री माझ्याकडून पुन्हा वाचून घेतली होती. टोकन आलं, कॅमेऱ्यासमोर एकेकीचा फोटो झाला. आईचा अंगठा यंत्रावर उमटेना. चार वेळा झालं. धुणीभांडी करून तिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत. आत्याने रुमाल ओला केला, आईचा अंगठा हातात घेऊन लहान मुलाचा पुसावा तसा पुसला आणि तिनेच तो काचेवर दाबून धरला. पाचव्यांदा उमटला. मग आत्याने प्रत्येक पानावर सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली. मागे रांग होती, कुणी घाई केली नाही.

मी माझी सही केली, दादाची मुखत्यार म्हणून दुसरी केली. बँकेचे धनादेश वेगवेगळ्या नावांचे होते. आत्याने तिचा उलटसुलट करून पाहिला आणि ब्लाउजच्या आत, पासबुकात ठेवला.

शेवटचं काम म्हणजे मूळ कागद खरेदीदारांच्या ताब्यात द्यायचे. १९९७ चा करारनामाही त्यात गेला. त्याचं पहिलं पान आपल्याकडे ठेवता येईल का, असं आईने वकीलबाईंना विचारलं. येत नाही, मूळ कागदांची साखळी घराबरोबर जाते, आपल्याकडे नक्कल. आईने ते पान घेतलं, खिडकीपाशी गेली, उजेडात धरलं. पिवळट पडलेल्या कागदात जलचिन्ह स्पष्ट दिसत होतं. पाहून झाल्यावर पान परत जागेवर लावलं आणि फाइल त्या शिक्षिकेच्या हातात दिली.

‘बाई, मूळ कागद मिळाले म्हणून यादीसकट पोच लिहून द्या,’ आई म्हणाली. ‘आणि सही तुमची. घर तुमच्या नावावर आहे.’